इनास मास्तर ब्याण्णवला बसत नाहीत

मिडी फाईल प्रोजेक्टमध्ये ओढली की आमचं गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर एक छोटी खिडकी उघडून विचारतं: फाईलचा टेम्पो, म्हणजे वेग, घ्यायचा की प्रोजेक्टचाच ठेवायचा? बाकीचे लोक या प्रश्नाकडे न बघताच बटण दाबत असतील. मी इनास मास्तरांच्या फायलींपायी एक अख्खा उन्हाळा त्या खिडकीसमोर घालवला. 'फाईलचा' म्हटलं तरी चुकायचं, 'प्रोजेक्टचा' म्हटलं तरी चुकायचं, आणि दोन्ही वेळा चूक माझीच, असं मास्तरांचं ठाम मत असायचं. आता मास्तर नाहीत. ती खिडकी मात्र रोज उघडते, आणि अजूनही ती दिसली की माझं डोकं क्षणभर तापतं.

मास्तर समुद्राकाठच्या चौक गावचे. तिथल्या चर्चमध्ये ते मी जन्मायच्या आधीपासून कीबोर्ड वाजवत होते; त्याही आधी पेटी. आठवड्यातून दोन दुपारी ते बस पकडून भाईंदरला यायचे आणि एका शाळेच्या रिकाम्या वर्गात मुलांना शिकवायचे. मी त्यातलीच एक. आमचं घर मिठागरवाल्या आगऱ्यांचं. मिठागरं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि घरातल्या पोरांच्या हाती भलतेसलते छंद आले. माझ्या हाती कीबोर्ड आला, तो मास्तरांमुळे टिकला. पुढे मी केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, फरसाणच्या दुकानावरच्या खोलीत छोटा स्टुडिओ काढला. हळदीची गाणी, आरत्या, शाळांची स्वागतगीतं, येईल ते काम करते. मास्तरांनी त्याला कधी स्टुडिओ म्हटलं नाही. ते 'तुजी खोली' म्हणायचे.

उंच माणूस, पांढरा हाफ शर्ट, खिशाला कंगवा. वाजवायला बसले की आधी रुमालाने सगळ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे पुसायचे. तुम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत आत्ताच पुसल्या असल्या तरी पुन्हा पुसायचे. मग बोटं ठेवायची आणि मान डावीकडे वळवायची. चर्चमध्ये त्यांची जागा कोपऱ्यात होती आणि कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, डाव्या हाताला उभा राहायचा, त्यामुळे वाजवताना पट्ट्यांकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. माझ्या खोलीत डावीकडे एसी होता. मास्तर एसीकडे बघत वाजवायचे, मधूनच त्याला भुवया उंचावून इशारा करायचे, आणि अंतरा आला की मान हलवून त्याला गाण्यात आत घ्यायचे.

शिकवतानाही त्यांनी आम्हाला कधी ठोके देणारा मेट्रोनोम लावू दिला नाही. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी टाळी द्यायची. टाळी आणि वाजवणं वेगळं झालं की सगळा वर्ग थांबायचा आणि मास्तर विचारायचे, "कोन पलाला?" मग जो पळाला असेल त्याने पुढचं गाणं संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून टाळ्या द्यायच्या. मी ती भिंत पुष्कळ पाहिली आहे. ते स्वतः मात्र कधीच पळाले नाहीत, निदान त्यांच्या मते. "माजा ठेका ढळत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ढळलं असंल तर तुमचं कान." आम्ही लहान होतो, आम्हाला ते खरं वाटायचं.

ते खरं नाही हे मला त्या उन्हाळ्यात कळलं, आणि पुराव्यासकट कळलं.

झालं असं की मास्तरांना संधिवाताने गाठलं. आधी करंगळ्या, मग बाकीची बोटं. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. त्यांची भाची रेश्मा मीरा रोडला बँकेत नोकरी करायची आणि कॉयरही आता तीच चालवायची. तिने ठरवलं की मास्तरांचे हात चालतायत तोवर गावाच्या सणाची सगळी गाणी रेकॉर्ड करून ठेवायची, म्हणजे पुढे मास्तर नसतील तेव्हा स्पीकरवर ट्रॅक लावून कॉयर गाईल. त्या गाण्यांच्या चाली मास्तरांच्याच. काही त्यांनी बसवलेल्या, काही गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून चर्चमध्ये आणलेल्या. जमलं नाही तर बाजारात तयार ट्रॅक मिळतात, ते घ्यायचे, असंही रेश्माने मोकळेपणाने सांगून टाकलं. त्या चाली अर्थातच वेगळ्या असणार होत्या.

हे ठरल्यावर मास्तर माझ्याकडे आले ते एका हातात रिकामा पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्या हातात सोड्यांची पुडी घेऊन. एसीच्या बंद खोलीत त्या पुडीचा वास दोन दिवस बोलत होता. खुर्चीत बसून त्यांनी बोटं उघडून दाखवली. पूर्ण उघडत नव्हती.

"डॉक्टर बोलतो आता उतरनच हाय," ते म्हणाले. "माजा हात देवलात राहू दे, बाय. मी न्हायसा झालो तरी तो तिथं वाजू दे. बास. मना दुसरं काय नको."

देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. मास्तरांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट. मी लगेच हो म्हटलं. किती सोपं वाटलं होतं तेव्हा!

सरावासाठी कॉयरचे आवाजही हवे होते; ते आधी माझ्याकडे रेकॉर्ड करून घेतले. सगळ्यांना एका दिवशी सुट्टी मिळेना, म्हणून दोघंतिघं मिळून येत आणि कानात क्लिक, म्हणजे मशीनचे एकसारखे ठोके, घेऊन गात. रेश्माने वेग ठरवला होता ब्याण्णव, म्हणजे मिनिटाला ब्याण्णव ठोके. तरुण पोरांना तो छान वाटला. मी त्यावर ढोलकी आणि बेसही भरून ठेवला. आता फक्त मास्तरांचा कीबोर्ड हवा होता. तो ते घरी वाजवणार होते, "माज्या पेटीवर, माज्या खुर्चीवर," (घरच्या कीबोर्डलाही ते पेटीच म्हणत) आणि मिडी करून पाठवणार होते.

मिडी फाईलमध्ये आवाज नसतो. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढंच लिहिलेलं असतं, आणि सोबत गाण्याचा वेग. मास्तरांनी कीबोर्डवर वेग कधी लावलाच नाही. लावायचा असतो हेच त्यांना मान्य नव्हतं. त्यामुळे कीबोर्डने आपल्या मनाने लिहिलं, एकशेवीस. प्रत्येक फाईलवर एकशेवीस. रडकं गाणं असो की नाचरं, एकशेवीस.

पहिली फाईल मी ओढली, खिडकी उघडली, मी म्हटलं, फाईलचा टेम्पो घे. अख्खा प्रोजेक्ट एकशेवीसवर गेला. माझी ढोलकी आणि बेस, तेही मिडीच, कुत्रं मागे लागल्यासारखे धावत सुटले, कॉयरचे आवाज जागच्या जागी ब्याण्णवला गात राहिले, आणि मास्तर आपल्या तिसऱ्याच वेगाने वाजवत होते. मी सगळं उलटं केलं आणि म्हटलं, प्रोजेक्टचा टेम्पो ठेव. मग मास्तर इतके सावकाश झाले की सणाचं आनंदाचं गाणं मयताला वाजवल्यासारखं वाटायला लागलं.

मी फोन केला. "मास्तर, तुम्ही किती वेगाने वाजवलंय?"

"जेवढ्या वेगात गानं हाय तेवढ्या."

"म्हणजे किती?"

"तुना गानं येतं ना? मंग मना काय विचारतं?"

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला. त्यात समुद्राचा वारा, कोणाचं तरी कोंबडं आणि मास्तरांच्या टाळ्या. शेवटी एक वाक्य: "टाळी पाटवली हाय, मोज आन् लाव." मी मोजली. टाळी एका वेगाची होती, फाईल दुसऱ्या. इतकंच नव्हे, टाळी सुरुवातीला एका वेगाची होती आणि शेवटी दुसऱ्या. ज्या माणसाने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं त्याची टाळी पळत होती! मला हसू यायला हवं होतं. मला भयंकर राग आला.

फाईलच्या सुरुवातीला आणखी एक घोळ असायचा. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर बराच वेळ काहीच नाही, मग गाणं. ही रिकामी जागा प्रत्येक गाण्यात वेगळी. मी ती कापायचे आणि प्रत्येक वेळी काहीतरी पुढेमागे व्हायचं. शेवटी वैतागून विचारलं, "मास्तर, रेकॉर्डचं बटण दाबून तुम्ही काय करता? चहा पिता?"

ते गंभीरपणे म्हणाले, "लोकं उभी र्‍हातात ना. बाकडी वाजतात. ती गप झाल्याबिगर कसा सुरू करू?"

"पण तुम्ही घरी वाजवताय!"

"मंग?"

मास्तर घरी, खाटेशेजारच्या खुर्चीवर बसून, नसलेल्या बाकांचा आवाज थांबायची वाट बघत होते. कडव्यांच्या मध्येही तेच. पुस्तकाची पानं उलटायला म्हाताऱ्या बायकांना वेळ लागतो, म्हणून तिथे थोडं थांबायचं. काही कडव्यांना लांब, काही कडव्यांना आखूड, कारण एका ठिकाणी म्हणे पान उलटावं लागत नाही, गाणं त्याच पानावर संपतं. मी डोकं धरून बसले. पडद्यावरच्या ब्याण्णवच्या ठोक्यांच्या रेघांमध्ये म्हाताऱ्या बायकांची पानं कुठे बसवू?

रेश्माला हे सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "ताई, मामाला तुम्ही ओळखता ना लहानपणापासून? त्याला तुमच्याकडे बोलवा, हेडफोन लावा, क्लिकवर वाजवून घ्या. सण आलाय जवळ. नाहीतर मी सरळ तयार ट्रॅक घेते, आणि ते मामाला तुम्ही सांगा."

मी मास्तरांना बोलावलं. ते आले, पट्ट्या पुसल्या, हेडफोन चढवला, मान एसीकडे वळवली. क्लिक सुरू झाली. टक, टक, टक, टक. दोन ओळी ठीक गेल्या. तिसऱ्या ओळीला मास्तर थोडे रेंगाळले, क्लिक पुढे गेली. मास्तरांनी एसीकडे डोळे वटारले. क्लिक अजून पुढे गेली. मास्तर थांबले आणि ओरडले, "ए! थांब ना जरा!"

मी क्लिक थांबवली. "मास्तर, ती थांबत नसते."

"का न्हाय थांबत? समोर मानूस वाजवतोय, दिसत न्हाय तिला?"

पुन्हा सुरू. पुन्हा तेच. चौथ्यापाचव्या वेळी मास्तरांनी तिला नाव घेऊन शिव्या घालायला सुरुवात केली. नाव त्यांनीच ठेवलं होतं, फौजदारीण. आवाज चढला. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. खालचा फरसाणवाला होता, हातात गरम गाठियाची पुडी.

"मॅडम, सब ठीक है ना? अंकल किसको डांट रहे हैं इतना?"

मी म्हटलं, "कोई नहीं है भाई, मशीन है."

त्याने आत डोकावून पाहिलं. मास्तर एसीकडे बोट दाखवून भांडत होते. त्याने गाठिया माझ्या हातात दिले आणि तो खाली गेला.

मास्तर गाठिया खाऊन शांत झाले. बोटं दुखत होती, ती त्यांनी शर्टाच्या टोकात गुंडाळून धरली होती. मला वाटलं, आपण मूर्खासारखं काय करतोय? हा माणूस जन्मभर कॉयरबरोबर वाजवत आलाय. त्याला क्लिक कशाला, कॉयरच ऐकवू. आवाज तर ब्याण्णवलाच आहेत, त्यांच्याबरोबर वाजवलं की काम झालं. मी क्लिक बंद केली आणि हेडफोनमध्ये फक्त आवाज सोडले.

मास्तरांचा चेहरा उजळला. आवाज ओळखून ते पुटपुटले, "ही रेश्मा... हा आपला पेदरू." आणि वाजवायला लागले. किती सुंदर वाजवलं पहिलं कडवं! मी पडद्यावरच्या रेघा बघत होते. सगळं बसत होतं. मग दुसऱ्या कडव्याच्या आधी मास्तरांनी नेहमीप्रमाणे थोडं थांबून मान हलवली, आत घेतलं. आवाज थांबले नव्हते. ते केव्हाच कडव्यात शिरले होते. मास्तर घाईने मागोमाग गेले, पण पुढच्या ओळीला पुन्हा रेंगाळले. रेश्माला वरचा सूर घ्यायच्या आधी दम लागतो, तिला वेळ द्यायचा म्हणून. तिने वेळ घेतलाच नाही. मास्तर आणखी दोन ओळी वाजवत राहिले, मग एकेक बोट उचललं. हेडफोनमधून कॉयर गातच होता, मला बाहेरपर्यंत बारीक ऐकू येत होता.

मास्तरांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"बाय," ते म्हणाले, "ही माजं ऐकत न्हायत."

मला एकदम भरून आलं. रागही आला, आणि कोणावर काढायचा तेही कळेना. "मास्तर, ते रेकॉर्डिंग आहे हो. त्यांना कसं ऐकू येईल?"

"म्हाईत हाय मना," ते म्हणाले. "मना बी कळतं." आणि त्यांनी हेडफोन बाजूला ठेवला. मग उठले, पट्ट्यांवर कापड टाकलं आणि म्हणाले, "घरची फाईलच घे. तुना जसं बसवायचं तसं बसव. फक्त बोटं माजी र्‍हाऊ दे."

मी बसवलं. कसं ते सांगण्यात फारसा अर्थ नाही, पण माझा जो काही वैताग झाला त्याची कुठेतरी नोंद असू दे. त्यांच्या फायलीतला प्रत्येक ठोका कानाने शोधायचा, तिथे खूण करायची, म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं की इथे माणूस अठ्ठ्याहत्तरने चालला होता, इथे चौऱ्याऐंशी, इथे जवळजवळ थांबला होता. असा पूर्ण गाण्याचा नकाशा तयार झाला की मग सांगायचं, आता हे सगळं सपाट कर आणि ब्याण्णववर आण. एका गाण्याला एकेक आठवडा लागत होता. खूण एका ठिकाणी चुकली की पुढचं सगळं गाणं वाकडं. हळदीच्या गाण्यांची कामं मी परत पाठवली. घरचे बोलायला लागले. मी मास्तरांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की क्लिकलाही त्यांनी तितक्या दिल्या नसतील. वेग लावायला काय झालं होतं या माणसाला? एक बटण! जन्मभर पोरांना टाळ्या द्यायला लावल्या आणि स्वतःला एक बटण दाबता येऊ नये?

पण जमलं. बाकांची वाट बघणं गेलं, पानं उलटणं गेलं, रेश्माचा दम गेला. मास्तर ब्याण्णवला चपखल बसले. बोटं त्यांचीच होती, प्रत्येक पट्टीवरचा जोर त्यांचा होता. रेश्मा ऐकून उड्या मारायला लागली. मी मास्तरांना गाणी पाठवली. दोन दिवस उत्तर नाही. मग एक मेसेज आला: "बोटं माजीच हायत." पुढे काही नाही. छान नाही, वाईट नाही. मला इतका वैताग आला की मी फोनच केला नाही.

सणाच्या दिवशी मी चौकला गेले. रेश्माचं आमंत्रण होतं, आणि खरं सांगायचं तर माझं काम चर्चमध्ये कसं वाजतं ते मला ऐकायचं होतं. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, चालू होती. कोपऱ्यातला कीबोर्ड झाकून ठेवला होता, त्याच्या दोन्ही बाजूंना नवे स्पीकर. मास्तर पहिल्यांदाच लोकांमध्ये बसलेले दिसले, मधल्या बाकांवर, कडेला, नवा शर्ट घालून. मी मागे खांबाशी उभी राहिले.

आधीची गाणी कॉयर एकटाच ट्रॅकच्या साथीने गात होता, ती ठीक गेली. शेवटचं गाणं गावाचं, सगळ्यांना पाठ असलेलं. त्याला अख्खं चर्च उभं राहिलं आणि गायला लागलं. दुसऱ्या ओळीलाच मला कळलं. लोक ट्रॅकच्या मागे पडत होते. कोणी चुकत नव्हतं. ते गाणं जसं म्हणत आले होते तसंच म्हणत होते. स्पीकरमधून मास्तरांचा कीबोर्ड स्वच्छ, एका वेगात पुढे चालला होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्ध्या ओळीचं अंतर पडलं. कॉयरमधली पोरं कधी ट्रॅक पकडत, कधी लोकांना, आणि दोन्ही सुटत होतं. रेश्मा घाबरीघुबरी झाली. तिने लोकांमध्ये मास्तरांना शोधलं आणि मानेनेच झाकलेल्या कीबोर्डकडे खूण केली. मामा, ये. लवकर ये.

मला वाटलं ते उठतील. ओरडून सांगावंसं वाटलं, मास्तर, उठा की! मास्तरांनी दोन्ही हात छातीपर्यंत वर केले आणि तिला दाखवले. तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. मुठी नव्हत्या, पण आता उघडतही नव्हती. तिने पाहिलं आणि नजर खाली घेतली. मास्तरांनी हात समोरच्या बाकाच्या पाठीवर ठेवले आणि गात राहिले.

ट्रॅक संपला. शेवटचा सूर मास्तर नेहमी लांब धरत, तसाच तो लांब धरला गेला आणि विरला. लोकांची अजून एक ओळ बाकी होती. स्पीकर गप्प, कॉयर गप्प, आणि उरलेली ओळ अख्खं गाव साथीशिवाय म्हणत होतं, कोणी पुढे, कोणी मागे. मी मास्तरांकडे बघत होते. स्पीकरमधला त्यांचा हात वाजवून मोकळा झाला होता. ते स्वतः मान वर करून, सावकाश, त्या म्हाताऱ्या बायकांबरोबर गात होते, आणि सगळ्यात शेवटी त्यांचीच ओळ संपली.